सुप्रीम्स आणि रॉजर्स-हार्ट, 1967: सोल त्रिकुटाच्या गळ्यात ब्रॉडवेची गाणी

मे 1967 मध्ये मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीने 'द सुप्रीम्स सिंग रॉजर्स अँड हार्ट' हा अल्बम बाजारात आणला. त्याच महिन्यात सुप्रीम्स या तीन गायिकांच्या त्रिकुटाचं 'द हॅपनिंग' अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. 1964 पासून मोजलं तर पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं ते दहावं गाणं. यशाच्या अशा शिखरावर असलेल्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन लोकप्रिय संगीत) गटाने तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नाटकातली गाणी घ्यावीत, यामागे व्यवसायाचा हिशेब होता, मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांची हौस होती, आणि संगीताच्या अंगाने बरीच अवघड गणितंही होती. अल्बम पॉप यादीत 20व्या क्रमांकापर्यंत गेला. पडला म्हणता येत नाही, पण आदल्या वर्षी 'सुप्रीम्स अ गो-गो' पहिल्या क्रमांकावर गेलेला असताना हा आकडा लहानच. गायनगटाने नाट्यगीतांचा अल्बम करायचा ठरवला तर कुठे काय अडतं, हे या एका तबकडीवरून फार स्वच्छ कळतं.

रिचर्ड रॉजर्स (1902–1979) संगीतकार, लोरेन्झ हार्ट (1895–1943) गीतकार. दोघांची जोडी 1919 पासून हार्ट यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. त्यांची बहुतेक गाणी ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या) किंवा लंडनच्या नाटकांसाठी लिहिलेली, पण आपल्याकडे नाट्यपद जसं नाटक मागे पडलं तरी मैफलीत जगत राहतं, तशी ही गाणी जॅझ गायकांच्या आणि क्लबांच्या रंगमंचावर जगत राहिली. सुप्रीम्सच्या तबकडीवरच्या बारांपैकी तीन एकट्या 'बेब्ज इन आर्म्स' (1937) या नाटकातली आहेत: 'द लेडी इज अ ट्रॅम्प', 'माय फनी व्हॅलेंटाइन' आणि 'व्हेअर ऑर व्हेन'. 'द बॉइज फ्रॉम सिरॅक्यूज' (1938) मधून 'धिस कान्ट बी लव्ह' आणि 'फॉलिंग इन लव्ह विथ लव्ह' ही दोन. 'अ कनेक्टिकट यँकी' (1927) मधून 'दाउ स्वेल' आणि 'माय हार्ट स्टुड स्टिल'. 'माउंटन ग्रीनरी' 1926 च्या 'गॅरिक गेयटीज'मधलं, 'डान्सिंग ऑन द सीलिंग' 1930 च्या लंडनच्या 'एव्हर ग्रीन'मधलं, 'माय रोमान्स' 1935 च्या 'जंबो'मधलं. 'लव्हर' मात्र 1932 च्या चित्रपटातून आलं, आणि 'ब्लू मून' कुठल्याच नाटकातलं नाही. 1934 मध्ये ते सुटं गाणं म्हणून छापलं गेलं आणि तसंच गाजलं.

गॉर्डी यांना हा अल्बम का हवा होता? तेव्हा सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली छोटी तबकडी) विकत घेणारा ग्राहक किशोरवयीन होता, तर अल्बम विकत घेणारा आणि रात्री क्लबात जेवत गाणं ऐकणारा ग्राहक वयाने मोठा, खिशाने जड. सुप्रीम्सनी जुलै 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नाइटक्लबात पाऊल ठेवलं ते याच दुसऱ्या ग्राहकासाठी. त्या कार्यक्रमाची तयारी कंपनीच्या स्वतंत्र विभागात झाली. चालण्या-बोलण्याची शिस्त मॅक्सीन पॉवेल यांच्याकडे, पदन्यास चॉली ॲटकिन्स यांच्याकडे, गायनाचा सराव मॉरिस किंग यांच्याकडे, आणि वाद्यवृंदाची मांडणी गिल आस्की यांच्याकडे. हेच आस्की पुढे या अल्बमच्या निर्मितीत गॉर्डींबरोबर होते. म्हणजे ही तबकडी हिट गाणी घडवणाऱ्या खोलीत जन्मलेली नाही. तिचा वंश क्लबच्या रंगमंचाचा आहे. तिचे गुण आणि दोष या एका गोष्टीतून उलगडत जातात.

प्रयोग कंपनीला नवा नव्हता. मार्विन गे यांनी 1961 मध्ये मोटाउनसाठी केलेला पहिलाच अल्बम जुन्या गाण्यांकडे झुकलेला होता आणि चालला नव्हता. 1964 मध्ये त्यांचंच 'हॅलो ब्रॉडवे'ही करून झालं होतं. सुप्रीम्सच्या 1966 च्या 'आय हिअर अ सिम्फनी'वर रॉजर्स-हार्ट यांचं 'विथ अ साँग इन माय हार्ट' आहे. त्यातच जानेवारी 1967 मध्ये 'द सुप्रीम्स सिंग हॉलंड–डोझियर–हॉलंड' आला होता. पाठोपाठच्या अल्बमचं शीर्षक त्याच साच्यातलं ठेवून गॉर्डींनी हॉलंड–डोझियर–हॉलंड या घरच्या गीतकार त्रिकुटाला रॉजर्स-हार्ट यांच्या पंक्तीत बसवलं. ही चाल हुशारीची होती.

पैशाचं गणित मात्र उलटं होतं. मोटाउनच्या बहुतेक गाण्यांचे प्रकाशन हक्क जोबेट या त्यांच्याच प्रकाशनसंस्थेकडे असत. त्या काळी अमेरिकेत ध्वनिमुद्रित गाण्यामागे कायद्याने ठरलेला दर दर प्रतीला 2 सेंट होता. घरचं गाणं असेल तर त्यातला प्रकाशकाचा वाटा घरातच राहतो, रॉजर्स-हार्ट यांचं असेल तर सगळे 2 सेंट बाहेर. बारा गाण्यांचे एका तबकडीमागे 24 सेंट. मुळात दोन तबकड्यांचा संच काढायचा बेत होता आणि त्यासाठी पुष्कळ जास्त गाणी मुद्रित झाली होती. तो निघाला असता तर ही रक्कमही गाण्यांबरोबर वाढली असती. शेवटी एकच तबकडी निघाली आणि उरलेली गाणी बऱ्याच वर्षांनी सीडीच्या जमान्यात बाहेर आली. आजही कुणी असा अल्बम करत असेल तर गाण्यांची संख्या ठरवतानाच हा खर्च लिहून काढावा. मुद्रण झाल्यावर गाणी गाळली की स्टुडिओ आणि वादकांचा खर्च वाया जातो.

आता मुख्य अडचण. सोल गटाचं गाणं लिहितानाच त्यात दुसऱ्या आवाजांसाठी जागा सोडलेली असते. मुख्य गायिका ओळ म्हणते, ओळीच्या शेवटी दोन मात्रा रिकाम्या, त्यात साथीचे आवाज उत्तर देतात. हॉलंड–डोझियर–हॉलंड यांच्या गाण्यांत ही सवाल-जबाबाची वीण अंगभूत आहे. ब्रॉडवेचं गाणं एका पात्रासाठी लिहिलेलं असतं. विचार त्या पात्राचा, तो ओळीमागून ओळ पुढे सरकतो, आणि हार्ट यांच्या बाबतीत तर ओळीचं शेवटचं अक्षर म्हणजे यमकाची जागा. ज्या ठिकाणी सोल गट सवयीने 'ऊ' किंवा 'बेबी, बेबी' घालतो, नेमक्या त्याच ठिकाणी हार्ट यांनी सगळी मेहनत ओतलेली आहे. तिथे साथीचा आवाज आला की यमक ऐकूच येत नाही.

'माउंटन ग्रीनरी' घ्या. त्यात 'ग्रीनरी'ला 'सीनरी' जुळवून हार्ट थांबत नाहीत, पुढे एका ओळीत एक शब्द मधेच तोडून त्याचा पहिला तुकडा यमकात बसवतात आणि उरलेला तुकडा पुढच्या ओळीत ढकलतात. गंमत त्या तुटण्यात आहे. मुख्य गायिकेने तुटलेल्या जागी श्वास घ्यायचा नाही, आणि साथीच्या आवाजांनी तिथे तोंड उघडायचं नाही. सुरावर लांब थांबलेला शब्द किंवा ओळींमधली खरी फट, एवढ्याच जागा साथीला मोकळ्या. म्हणून गाणी निवडताना कागदावर बार (ठरावीक मात्रांचे खंड, आपल्याकडच्या आवर्तनासारखे) आखून प्रत्येक ओळीखाली लिहावं: इथे किती मात्रा सूर लांबतो? दोनपेक्षा कमी असेल तर साथीचा मजकूर नको. या चाळणीतून 'ब्लू मून' सहज पार होतं, 'माय रोमान्स' अर्धवट, 'माउंटन ग्रीनरी' आणि 'द लेडी इज अ ट्रॅम्प' जवळजवळ नाहीच. ही दोन गाणी एकटीने गायची, नाहीतर सगळ्यांनी मिळून एकाच सुरात.

'ब्लू मून' सोल गटाला घरचं वाटतं त्याचं आणखी एक कारण आहे. त्याचे पहिले चार कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ), सी पट्टीत सांगायचं तर सी, ए मायनर, डी मायनर, जी, हेच डू-वॉप (गटाने, साथीच्या आवाजांवर गायची पन्नाशीतली शैली) गाण्यांचं वळण. 1961 मध्ये पिट्सबर्गच्या मार्सेल्स या गायनगटाने ते डू-वॉपमध्ये गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं होतंच. मुख्य आवाज डायना रॉस यांचा, म्हणजे साथीला उरतात दोनच: मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड. दोन आवाजांत चार सुरांचा कॉर्ड कसा पुरवायचा? मूळ सूर बास देतो आणि पाचवा सूर कुणाला जाणवत नाही, म्हणून दोन्ही सोडावेत. तिसरा आणि सातवा गावा. सीवर ई आणि बी, ए मायनरवर जी आणि सी, डी मायनरवर एफ आणि सी, जीवर एफ आणि बी, आणि परत सीवर ई आणि बी. खालचा आवाज ई–जी–एफ–एफ–ई असा चालतो, वरचा बी–सी–सी–बी–बी. कुणालाच दीड सुरापेक्षा मोठी उडी नाही, आणि प्रत्येक बदलाला निदान एकजण जागेवर असते किंवा अर्ध्या सुराने सरकते. एक काळजी घ्यावी: मुख्य चाल सीवर थांबलेली असेल तेव्हा साथीतला बी अर्ध्या सुरावर घासतो. तिथे बीच्या जागी ए घ्यावा.

'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये काम उलटं आहे. सी मायनर कॉर्ड तोच राहतो आणि आत एक सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरतो: सी, बी, बी फ्लॅट, ए. हा उतार पियानोवर सोडून देण्यापेक्षा साथीतल्या एका आवाजाला द्यावा, दुसरीने जी धरून ठेवावा. मुख्य चाल ई फ्लॅटच्या आसपास फिरत असल्याने जी मोकळा असतो. इथे बिघडतं ते असं: अर्ध्या सुराची पायरी गळ्यात नेहमी थोडी मोठी पडते, आणि चौथ्या पायरीला पोचेपर्यंत आवाज उतरलेला असतो. सरावात दोघींनीच वाद्याशिवाय गावं. सी आणि जी भरभक्कम जुळतो, बी आणि जी गोड लागतो, बी फ्लॅट आणि जी थोडा उदास, आणि ए-जी हा शेजारच्या सुरांचा खडबडीत जोड सगळ्यात अवघड. जी धरणारी तिथे घाबरून खाली घसरते. तो जोड दहा सेकंद नुसता धरून ठेवण्याचा रियाज केला की भीती जाते. हे गाणं बत्तीस बारांचं नाही, छत्तीस बारांचं आहे. शेवटचा भाग चार बारांनी लांबवलेला आहे. सवयीने बत्तीसचा हिशेब धरणारा मांडणीकार शेवटच्या उंच ओळीखाली ब्रास (ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यं) आधीच संपवून बसतो.

'व्हेअर ऑर व्हेन'मध्येही मोजमाप नेहमीचं नाही. पहिले दोन भाग आठ बारांचे नाहीत, दहा-दहा बारांचे आहेत. शिवाय सुरुवात एकाच सुराभोवती घुटमळते आणि शेवट उंच चढतो. पट्टी ठरवायची ती शेवटच्या ओळीवरून. पहिली ओळ गळ्याला सुखाची वाटली म्हणून पट्टी पक्की केली की शेवटी ओरडावं लागतं, आणि रॉस यांचा आवाज ओरडण्याचा नव्हताच. तो बारीक, धारदार, माइकच्या जवळून बोलल्यासारखा लागणारा आवाज. 1964 च्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'मध्ये त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं आणि त्यातून त्यांचा खास रंग बाहेर आला, हे सगळ्यांना माहीत आहे. या अल्बमसाठीही तोच नियम लागू पडतो. वाद्यवृंदाची सोय वेगळी असते: ट्रम्पेट-सॅक्सोफोनना एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्या बऱ्या, गिटारला ई आणि ए. मोठा ब्रास विभाग असेल तर फ्लॅटच्या पट्ट्यांकडे झुकायचं, पण गळ्याच्या सोयीपुढे अर्ध्या सुराची तडजोड वादकांनी करावी.

तालाचं भांडण याहून मोठं आहे. मोटाउनच्या त्या काळच्या कित्येक गाण्यांत स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) चारही मात्रांवर पडतो, टॅम्बुरिन (खंजिरी) अंगावर येतो आणि बास ताल तोडत-जोडत खेळतो. स्विंगमध्ये (जॅझ बँडच्या झुलत्या लयीत) झांजेवर लय चालते, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बंद होतो, बास प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालतो आणि मात्रेचे दोन तुकडे समान नसतात. मध्यम लयीत, मिनिटाला 120 ते 140 मात्रांच्या आसपास, पहिला तुकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. लय वाढली की दोन्ही समान होत जातात. टॅम्बुरिन समान तुकड्यांत आणि ब्रास असमान तुकड्यांत वाजला की सगळं ढिलं वाटतं, आणि कारण सापडत नाही. एका गाण्यात एकच बाजू धरावी. सुप्रीम्सच्या या तबकडीची मांडणी बऱ्याच ठिकाणी मोठ्या बँडच्या स्विंगची आहे, आणि माझ्या मते तिथेच गटाची ओळख पुसट होते. स्विंग उत्तम वाजवणारे बँड आणि त्यावर गाणारे गायक तेव्हा ढिगाने होते. चारही मात्रांवरचा स्नेअर आणि त्यावर तीन तरुण आवाज, ही चीज फक्त यांच्याकडे होती.

वॉल्ट्झची गाणी हा त्यातला वेगळा पेच. 'लव्हर' आणि 'फॉलिंग इन लव्ह विथ लव्ह' दोन्ही मुळात तीन मात्रांची. 1952 मध्ये पेगी ली यांनी 'लव्हर' द्रुत लयीत पार वेगळं करून गायलं, ते तुफान चाललं आणि रॉजर्स यांना रुचलं नाही. आपल्या चालींशी केलेली छेडछाड त्यांना आवडत नसे. 1967 मध्ये ते 64 वर्षांचे आणि पूर्ण कार्यरत होते, हे मांडणीकाराच्या मनात असणारच. तीनचं चार करताना प्रत्येक बारात एक मात्रा जास्त येते. ती शब्द लांबवून भरली तर गाणं आळसावतं, म्हणून ती साथीच्या आवाजांना देणं उत्तम. नसलेली जागा इथे आपोआप तयार होते. 'लव्हर'ची चाल अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली घसरते, त्यामुळे साथीने तिच्या मागे घसरू नये. उलट्या दिशेने चढावं किंवा स्थिर राहावं.

उच्चारांचा प्रश्न लहान वाटतो पण मुद्रणात वेळ खातो. 'माय हार्ट स्टुड स्टिल'चे शब्द जवळजवळ सगळे एका अक्षरी आहेत. 'हार्ट'चा ट, लगेच 'स्टुड'चा स्ट. तिघींनी मिळून म्हटलं तर तीन वेगवेगळे ट ऐकू येतात, खडे पडल्यासारखे. उपाय ठरलेला आहे: शेवटचं व्यंजन फक्त मुख्य आवाजाने उच्चारायचं, बाकीच्यांनी स्वरावरच सोडून द्यायचं. 'स'साठी तर हे बंधनकारकच समजावं.

साठच्या दशकाच्या मध्यापासून मोटाउनकडे आठ ट्रॅकची (आठ वेगवेगळे आवाज स्वतंत्र नोंदवणारी) यंत्रं होती. अशा अल्बमला आठ ट्रॅक पुरतात ते असे: ड्रम आणि बास मिळून दोन, पियानो-गिटार एक, ब्रास एक, तंतुवाद्यं एक, मुख्य आवाज एक, साथीचे आवाज एक, आणि आठवा मोकळा, दुसऱ्या प्रयत्नासाठी किंवा साथीची दुसरी फेरी चढवण्यासाठी. आधी वाद्यं आणि नंतर आवाज ही पद्धत ठोक्याच्या गाण्यांना सोयीची. नाट्यगीताची सुरुवातीची प्रस्तावना लयीत नसते, बोलल्यासारखी असते. वाद्यं आधी वाजवून ठेवली तर गायिकेला त्या गोठलेल्या थांबण्यांच्या मागे धावावं लागतं. प्रस्तावना ठेवायची असेल तर पियानो आणि गायिका एकाच वेळी मुद्रित कराव्यात आणि लय सुरू होते तिथे जोड द्यावा. नाहीतर प्रस्तावना गाळावी. बहुतेक पॉप ध्वनिमुद्रणांत ती गाळलेलीच असते, आणि दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात तेच शहाणपणाचं.

प्रसिद्धीची वेळही चुकली. 2 मार्च 1967 ला एबीसी वाहिनीवर रॉजर्स-हार्ट यांच्यावरचा खास कार्यक्रम झाला. सुप्रीम्ससोबत बॉबी डॅरिन, पेटुला क्लार्क आदी मंडळी होती. देशभर ही गाणी ऐकवली गेली तेव्हा तबकडी दुकानात नव्हती, ती आली मे महिन्यात. मधल्या काळात गटातच पडझड सुरू होती. 29 एप्रिलला हॉलिवूड बोलच्या कार्यक्रमात बॅलार्ड यांच्या जागी सिंडी बर्डसाँग उभ्या राहिल्या, जुलैत बॅलार्ड कायमच्या बाहेर पडल्या आणि नावही 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. तिघींचा मूळ संच गटात असताना आलेला हा शेवटचा स्टुडिओ अल्बम, म्हणून साथीतला बॅलार्ड यांचा भरदार आवाज इतका मागे ठेवलेला ऐकताना चुटपुट लागते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटाउनच्याच टेम्पटेशन्स या पुरुषगटाचा 'इन अ मेलो मूड' आला आणि तुलना आपसूक झाली. त्यातही नाटकातली गाणी भरपूर: 'हॅलो, यंग लव्हर्स', 'समव्हेअर', 'ट्राय टु रिमेंबर', 'दि इम्पॉसिबल ड्रीम'. पण पाच आवाजांत मुख्य गायक बदलत राहतो. 'ओल मॅन रिव्हर' मेल्विन फ्रँकलिन यांच्या खोल बास आवाजाला दिलं, आणि गाणं पात्राचंही राहिलं, गटाचंही झालं. तो अल्बम पॉप यादीत 13व्या क्रमांकावर गेला. सुप्रीम्सच्या बाजूने 'द लेडी इज अ ट्रॅम्प' क्लबच्या कार्यक्रमांत टिकलं. 1968 च्या लंडनमधल्या 'टॉक ऑफ द टाउन' या क्लबच्या थेट ध्वनिमुद्रणात ते आहे, आणि प्रेक्षकांसमोर ते जास्त खुलतं. ऑगस्ट 1968 मध्ये गॉर्डींनी 'फनी गर्ल' या एकाच नाटकाच्या गाण्यांचा अल्बम काढला. साथीचे आवाज आणखी मागे, मुख्य आवाज आणखी पुढे, आणि महिन्याभरातच बार्ब्रा स्ट्रायसँड यांचा चित्रपट पडद्यावर. तो अल्बम यादीच्या पहिल्या शंभरातही पोचला नाही.